कपकेक : आधी माप, मग कौतुक

मैत्रिणींनो, हल्ली तालुक्याच्या बेकरीतही क्रीमची रंगीत टोपी घातलेले कपकेक मांडलेले असतात. बचत गटाच्या बैठकीत एका आईने विचारलं, “ताई, त्यात अंडं, दूध, लोणी सगळंच असतं. मग रोज डब्यात दिला तर काय बिघडलं?” प्रश्न रास्त आहे. चला, हिशेबच करू या.

हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. १७९६ साली अमेलिया सिमन्स यांच्या पुस्तकात छोट्या कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आली. ‘कपकेक’ हे नाव १८२८ मध्ये एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात आढळतं. पूर्वी केकला लोणी, साखर, मैदा, अंडी सारं पाऊंडाने तोलून घेत. मग बायका कपाने मोजू लागल्या : एक कप लोणी, दोन कप साखर, तीन कप मैदा, चार अंडी. आपण वाटीच्या मापाने शिरा करतो ना, अगदी तसंच! शिवाय लहान कपात केक लवकर भाजून निघतो.

या मापात कपभर दूध घातलं, की साधारण २४ कपकेक होतात. एकात सुमारे २०० कॅलरी, १६-१७ ग्रॅम साखर आणि प्रथिनं जेमतेम ३ ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांत याच्या दुप्पट प्रथिनं मिळतात! वर १५ ग्रॅम लोणी आणि २५ ग्रॅम पिठीसाखरेचं आयसिंग थापलं, की आणखी २०० कॅलरी. म्हणजे एका कपकेकमध्ये साखर झाली ४० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवलेली मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम आहे, आणि २५ च्या आत राहिली तर उत्तम. मुलांना तर त्याहून कमीच हवी. चहा, बिस्किटं तर अजून धरलीच नाहीत!

बेकरीत बऱ्याचदा लोण्याऐवजी वनस्पती तूप किंवा मार्गारीन वापरतात. त्यातल्या घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. पण सुट्या मालावर लेबल नसतं. म्हणून कशात केलाय, हे विचारायला लाजू नका.

घरी करताना आयसिंग गाळा. साखर पाव हिश्श्याने कमी करून पिकलेलं केळं कुस्करून घाला, अर्धा मैदा काढून कणीक घाला. तंतू वाढतील, पण म्हणून तो पोळी-भाजीची जागा घेणार नाही, बरं का! गटातल्या ज्या जणी ऑर्डरी घेतात, त्यांनीही बिनआयसिंगचा छोटा कपकेक ठेवून पाहावा. लोण्याचा खर्च वाचेल आणि मधुमेह असलेल्या घरातल्या बायका आपणहून विचारत येतील.

वाढदिवसाला एक कपकेक जरूर द्या, मुलांचा हिरमोड नको. रोजच्या डब्यात मात्र थालीपीठ, उसळ, शेंगदाण्याचा लाडूच बरा.