याकोब ग्रिम यांचे ग्योटिंगेन

जर्मन भाषेच्या सर्वांत मोठ्या ऐतिहासिक शब्दकोशाची, म्हणजे प्रत्येक शब्दाचा प्रवास जुन्या ग्रंथांतील उताऱ्यांच्या आधाराने उलगडणाऱ्या ग्रिमकोशाची, सुधारित आवृत्ती बर्लिन आणि ग्योटिंगेन येथे अर्धशतकाहून अधिक काळ तयार होत होती; ते काम २०१६ च्या सुमारास ‘एफ’ या अक्षरापाशी आटोपते घेण्यात आले आणि पुढची अक्षरे जुन्याच रूपात राहिली. कोशाचे आद्य संपादक याकोब ग्रिम (१७८५–१८६३) यांची लेखणीही याच अक्षरात, ‘फ्रुख्ट’ या शब्दावर थांबली होती. पण ती मृत्यूने थांबवली होती, हिशेबनिसांनी नव्हे. ठरावीक मुदतीचे प्रकल्प आणि त्यांचे अहवाल यांना सरावलेल्या आजच्या विद्याक्षेत्रात हा फरक कोणाला जाणवत नसेल, तर ज्या प्राध्यापकाने एका भाषेसाठी आयुष्य वेचले त्याच्या वाटचालीकडे पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.

त्या आयुष्याची पहिली चाळीस-पंचेचाळीस वर्षे सर्वपरिचित असल्याने ती थोडक्यात उरकता येतात. हानाऊ येथे जन्म, मारबुर्ग येथे साविन्यी या विधिपंडिताच्या हाताखाली कायद्याचे अध्ययन, पदवी न घेताच विद्यापीठाचा निरोप, नेपोलियनच्या भावाच्या ग्रंथालयात नोकरी, व्हिएन्ना परिषदेच्या काळात राजनैतिक चिटणिसी आणि त्यानंतर कासेलच्या ग्रंथालयातील दीर्घ सेवा, असा हा क्रम आहे. धाकटे बंधू विल्हेल्म यांच्यासह संकलित केलेल्या लोककथा १८१२ आणि १८१५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या. मराठी घरांत हिमगौरी आणि सात बुटके पोहोचले ते या संग्रहामुळे. मात्र त्याच कथांनी ग्रिम यांच्यातील व्याकरणकाराला लोकस्मृतीतून जवळजवळ पुसून टाकले आहे. मारबुर्ग विद्यापीठाने १८१९ मध्ये दोघा बंधूंना सन्मान्य डॉक्टरेट दिली, हीच याकोब यांची विद्यापीठीय अर्हता होती. नेट परीक्षा आणि गुणांकनाच्या तक्त्यांवर चालणाऱ्या आजच्या भारतीय विद्यापीठात त्यांना साहाय्यक प्राध्यापकाच्या मुलाखतीचे बोलावणेही आले नसते.

त्यांच्या ‘जर्मन व्याकरणा’ची दुसरी आवृत्ती १८२२ मध्ये निघाली आणि तिच्यात पुढे ‘ग्रिमचा नियम’ म्हणून ओळखले गेलेले ध्वनिपरिवर्तनाचे सूत्र आले. संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पाटेर’ यांतील ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फादर’मधील आणि जर्मनमध्ये ‘फाटर’मधील ‘फ’ येतो, तसेच ‘दश’मधील ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘टेन’मधील ‘ट’ येतो. हे बदल सुटे नसून एका व्यवस्थेचे भाग आहेत, असे हे प्रतिपादन होते. राझ्मुस रास्क या डॅनिश अभ्यासकाने यांतील बरेच काही १८१८ मध्येच नोंदवले होते, त्यामुळे नियमावरील एकट्या ग्रिम यांचे नाव थोडे अन्यायाचेच आहे. भाषेचा इतिहास नियमांनी तपासण्याची ही पद्धत पुढे पुण्यापर्यंत आली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत संस्कृतपासून प्राकृतांमार्गे मराठीपर्यंतची ध्वनिपरिवर्तने त्याच शिस्तीने मांडली, आणि १८८५ मध्ये त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली ती ग्योटिंगेन विद्यापीठानेच. आज त्याच पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची गर्दी आहे, पण ती ए-वन, बी-टू अशा पातळ्यांच्या प्रमाणपत्रांसाठी. जर्मन आणि मराठी यांचे दूरचे नाते शोधण्यासाठी तेथे क्वचितच कोणी येतो.

कासेलच्या ग्रंथपालाचे पद १८२९ मध्ये रिकामे झाले तेव्हा तेथील शासकाने ग्रिम बंधूंची सेवाज्येष्ठता डावलून दुसऱ्याची नेमणूक केली. या अवमानानंतर दोघांनी हानोफर राज्यातील ग्योटिंगेन विद्यापीठाचे आमंत्रण स्वीकारले आणि १८३० च्या आरंभी याकोब तेथे प्राध्यापक व ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. जर्मन भाषेच्या या प्राध्यापकाला प्रारंभिक व्याख्यान लॅटिनमध्ये द्यावे लागले, यावरून त्या काळी स्वभाषेच्या अध्ययनाला विद्यापीठात किती मान होता ते कळते; त्याचा विषय मायभूमीची ओढ हा होता, आणि कासेल सोडल्याची व्यथा त्यात लपलेली नव्हती. व्याकरण, प्राचीन जर्मन कायदा आणि रोमन इतिहासकार टॅसिटसचा ‘गेर्मानिया’ हे त्यांच्या अध्यापनाचे विषय होते. ग्रंथालयातील कामाचे तास त्यांना जाचक वाटत, तरीही याच काळात व्याकरणाचे तिसरा आणि चौथा हे दोन खंड आणि १८३५ मध्ये ‘जर्मन पुराणविद्या’ हा ग्रंथ सिद्ध झाला. संशोधन, अध्यापन आणि ग्रंथालय यांची अशी एकत्र बांधणी त्यानंतर फारच थोड्या विद्यापीठांना साधली.

या दशकाला तडा गेला तो १८३७ मध्ये. ब्रिटनचा राजा चौथा विल्यम हानोफरचाही राजा होता. त्याच्या मृत्यूनंतर ब्रिटनची गादी व्हिक्टोरियाकडे गेली, परंतु हानोफरच्या वारसाक्रमात पुरुष वारस असेपर्यंत स्त्रीला स्थान नसल्याने तेथे तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट सिंहासनावर बसला. विद्यापीठाचा शताब्दी महोत्सव सप्टेंबरमध्ये थाटात पार पडला आणि १ नोव्हेंबरला नव्या राजाने १८३३ ची राज्यघटना रद्द करून सर्व अधिकाऱ्यांना तिच्या शपथेतून मुक्त केल्याचे जाहीर केले. शपथ घेणाऱ्याच्या संमतीवाचून शपथेतून मुक्ती देता येते, हा दावा सात प्राध्यापकांना मान्य झाला नाही. इतिहासकार डालमान यांनी निवेदन लिहिले आणि त्यावर याकोब व विल्हेल्म ग्रिम, विधिज्ञ आल्ब्रेख्त, साहित्येतिहासकार गेर्विनुस, प्राच्यविद्यावंत एवाल्ड आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांनी सह्या केल्या. आपल्या शपथेशी खेळणाऱ्या शिक्षकाच्या शब्दाला विद्यार्थ्यांपुढे किंमत उरत नाही, हा त्यातील युक्तिवादाचा गाभा होता.

ग्रिम यांच्या चरित्रकारांनी या सहीला बहुधा राजकीय धैर्याच्या खात्यात टाकले आहे, आणि तेथेच त्यांची गल्लत झाली आहे. याकोब स्वभावाने राजकारणी नव्हते आणि क्रांतिकारक तर मुळीच नव्हते. १८२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जर्मन विधिप्राचीनता’ या ग्रंथात त्यांनी प्राचीन न्यायसभांतील विधी, प्रतीके आणि शपथांचे परंपरागत साचे खेड्यापाड्यांच्या दफ्तरांतून गोळा केले होते. ज्याने शपथेचे शब्द शतकानुशतके मागे जाऊन तपासले, त्याला ते शब्द एका राजपत्रकाने निष्प्रभ होतात हे मानणे अशक्य होते. त्यांची सही व्याकरणकाराची होती, आणि म्हणूनच ती डालमान यांच्या सहीपेक्षा अधिक हट्टी होती.

निवेदनाच्या शेकडो नकला विद्यार्थ्यांनी हाताने उतरवून देशभर पसरवल्या. उरलेल्या विद्यापीठाचे वर्तन मात्र आजच्या कुलगुरूंनाही ओळखीचे वाटावे असे होते. एक शिष्टमंडळ राजाच्या रोटेनकिर्खेन येथील मुक्कामी गेले आणि त्या शिष्टमंडळाने सात जणांच्या कृतीपासून अंतर राखले. थोर गणिती गाउस गप्प राहिले. एवाल्ड त्यांचे जावई आणि वेबर त्यांचे निकटचे सहकारी होते, हे ध्यानात घेता ते मौन बोचल्याशिवाय राहत नाही. वय आणि घरातील वृद्ध आई ही त्यांच्या बाजूने दिली जाणारी कारणे खरी आहेत, परंतु कारणे याकोब यांनाही होती. विल्हेल्मचा संसार हाच त्यांचा संसार होता आणि दोन्ही पगार एकदम बंद होणार होते. डिसेंबरच्या मध्याला सातही जण बडतर्फ झाले, आणि डालमान, गेर्विनुस व याकोब यांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम मिळाला. आपल्या बडतर्फीची हकिकत याकोब यांनी लिहिली, ती १८३८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे छापावी लागली.

बेकारीच्या याच काळात, याकोब कासेल येथे चित्रकार बंधूच्या आश्रयाला असताना, लाइप्झिगच्या वाइडमान प्रकाशनगृहाने शब्दकोशाची योजना पुढे केली. दुसरे काम असते तर ग्रिम यांनी ती स्वीकारली असती का, याची शंकाच आहे. म्हणजे जर्मन भाषेचा हा सर्वांत मोठा कोश एका राजाच्या सूडबुद्धीचा अनपेक्षित परिणाम ठरतो. नागरिकांनी वर्गणी काढून सात जणांच्या पगाराची तजवीज केली, हीदेखील विद्यापीठाने नव्हे, समाजाने दाखवलेली लाज होती.

पुढे दोघे बंधू बर्लिनला गेले; तेथील १८४१ नंतरची वर्षे मानाची होती, पण रंगाने फिकी. फ्रांकफुर्टच्या १८४८ च्या संसदेत याकोब यांना खास आसन मिळाले आणि त्याच वर्षी त्यांनी अध्यापन सोडले. कोशाचा पहिला भाग १८५२ मध्ये बाहेर पडला, तेव्हा कोशकार दानिएल झांडर्स यांनी त्यातील उणिवा दाखवल्या, आणि ग्रिम यांनी टीकाकारांना दिलेली वागणूक त्यांच्या कीर्तीला शोभणारी नव्हती. विल्हेल्म १८५९ मध्ये ‘डी’ हे अक्षर संपवून गेले, याकोब चार वर्षांनी. फाळणी झालेल्या जर्मनीच्या दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी १९६० मध्ये कोश तडीस नेला, आणि पश्चिमेकडील त्यांची कार्यशाळा होती ती ग्योटिंगेनमध्ये. विद्यापीठाच्या मध्यवर्ती परिसराला आज ग्योटिंगेनच्या सात जणांचे नाव आहे. रोटेनकिर्खेनला गेलेल्यांच्या वारसदारांना ते पाटीवर लिहिताना फारसा संकोच वाटलेला दिसत नाही.