सातवी फेरी

मक्केच्या ओसाड खोऱ्यात मशकीतले पाणी संपले आणि तान्हे इस्माईल (अलै.) तहानेने व्याकूळ झाले. अल्लाह आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, असा हजरत हाजरा (अलै.) यांना पक्का भरवसा होता, तरीही त्या बसून राहिल्या नाहीत. सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये त्यांनी सात फेऱ्या केल्या. पाणी तिथे नाही, तर बाळाजवळ उसळले. तेच जमजम! हज-उमऱ्यातील सई ही त्याच धडपडीची आठवण. बादशहा असो वा मजूर, प्रत्येकजण एका आईच्या पावलांवर चालतो. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. घरात मूल नापास झाले, कुणाची नोकरी गेली, तर दुआ करा आणि पुढच्या फेरीसाठी उठा. फळ कुठून द्यायचे, ते अल्लाह जाणतो.