पाव टक्का मतांचा पक्ष

कोकणातल्या काही मुस्लिम घराण्यांची नाती दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनशी जुळलेली आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे तिथे ‘कोकणी’ म्हणूनच ओळखली जातात. त्या देशात मुसलमान दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. तरीही तिथल्या संसदेत मुस्लिमांनी काढलेला एक पक्ष आहे. त्याचे नाव अल-जमाअह.

गनीफ हेंड्रिक्स यांनी २००७ मध्ये तो स्थापन केला. २००९ आणि २०१४ च्या निवडणुकांत त्याला एकही जागा मिळाली नाही. २०१९ मध्ये एक मिळाली, २०२४ मध्ये दोन. मते दोन्ही वेळा पाव टक्क्याहून कमी! आपल्याकडे एवढ्या मतांवर अनामतही वाचत नाही. तिथे मात्र संसदेच्या ४०० जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. जर्मनीत पाच टक्क्यांची किमान अट आहे, तशी अट तिथे नाही. त्यामुळे लहान गटाचाही आवाज सभागृहात पोहोचतो.

पण आवाज पोहोचला म्हणजे काम झाले का?

निकाहचेच पाहा. वर्णभेदाचे राज्य १९९४ मध्ये संपले. १९९८ मध्ये आफ्रिकी रूढीनुसार झालेल्या विवाहांना कायद्याची मान्यता मिळाली, पण केवळ इस्लामी पद्धतीने झालेला निकाह बाहेरच राहिला. तलाकनंतर बाईला पोटगी, मालमत्तेतला वाटा यांसाठी घटस्फोटाच्या कायद्याचे संरक्षण नव्हते. हेंड्रिक्स यांनी निकाहच्या नोंदणीसाठी खासगी विधेयक मांडले खरे, पण निर्णायक लढाई स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने न्यायालयात लढली. २८ जून २०२२ रोजी घटनापीठाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. त्या बहिणींनी पक्षाची वाट पाहिली नाही, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

जोहान्सबर्गची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या महापालिकेत २७० सदस्य, त्यांत अल-जमाअहचे फक्त तीन. मोठ्या पक्षांचे महापौरपदावर एकमत होईना, म्हणून जानेवारी २०२३ मध्ये हे पद या पक्षाच्या थापेलो अमाद यांच्याकडे आले. ते शहराचे पहिले मुस्लिम महापौर ठरले. तीन महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. मग त्याच पक्षाचे काबेलो ग्वामांडा आले, तेही ऑगस्ट २०२४ मध्ये पायउतार झाले. अनुभव नसलेल्या माणसांच्या हाती एवढे मोठे शहर दिले, अशी टीका झाली. खरी सूत्रे मोठ्या पक्षांच्या हाती होती, बोल मात्र लहान पक्षाला लागला. पुढे २०२४ च्या संयुक्त सरकारात हेंड्रिक्स समाजविकास खात्याचे उपमंत्री झाले.

आणखी एक गोष्ट. तिथले बहुतेक मुस्लिम मतदार या पक्षाला मत देत नाहीत, ते मोठ्या पक्षांतच आहेत. गाझाच्या प्रश्नावर डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलविरुद्ध दावा दाखल करणारे सरकारही आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे होते. न्यायाचा मुद्दा सगळ्या देशाचा झाला की त्याला बळ येते.

मग असा लहान पक्ष निरर्थक म्हणावा का? मला तसे वाटत नाही. आपले प्रश्न सभागृहात कोणीतरी नावानिशी मांडावे लागतात. मात्र नावात मुस्लिम ओळख आली म्हणजे जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याचा हुकूम आहे. तिथे ‘लोकांमध्ये’ म्हटले आहे, फक्त आपल्यांमध्ये नव्हे. जोहान्सबर्गच्या नळाला पाणी येते की नाही, हाही त्या अमानतीचाच भाग आहे. मत मागणाऱ्याने हे विसरू नये, आणि मत देताना आपणही विचारायला विसरू नये.