चिंध्यांतून फुललेली बाग

१९२९ साली अमेरिकेत महामंदी आली. कामे गेली, नवे कापड गरिबांना परवडेना. त्या दिवसांत कष्टकरी घरांतल्या स्त्रियांनी गोधडीचा एक नमुना फार आवडीने शिवला. त्याचे नाव ‘आजीची फुलबाग’. मधोमध बहुधा पिवळा षटकोनी तुकडा, भोवती ६, त्यांच्याभोवती १२. असे १९ तुकड्यांचे एक फूल. फुलाफुलांमधून हिरवी किंवा पांढरी पायवाट.

कापड कुठले? जुने कपडे आणि पिठाच्या, कोंबड्यांच्या खाद्याच्या रिकाम्या सुती पिशव्या! स्त्रिया पिशव्यांचे कपडे शिवतात हे पाहून व्यापाऱ्यांनी त्यांवर फुले छापली. त्यांना माल खपवायचा होता. स्त्रियांनी मात्र त्यातून उन्हाळ्यातली बहरलेली बाग अंथरुणावर उतरवली.

भगिनींनो, आपल्या घरातली गोधडीही अशीच जुन्या लुगड्यांतून जन्मते. तिला कला म्हणायला संकोच कशाला?