न उडालेल्या वैमानिकांची शाळा

‘या वयात विमानांचे खेळ कसले खेळता?’ हा प्रश्न मला गेली बारा-तेरा वर्षे ऐकावा लागतो. माझे रीतसर शिक्षण वाणिज्य शाखेचे. विमानविद्येचे जे काही ज्ञान आहे, ते जुनी पुस्तके, मिळतील त्या हस्तपुस्तिका आणि दर शनिवारी रात्री हेडफोन लावून भेटणारी मंडळी यांच्याकडून मिळालेले. या मंडळींत कोणी पोलंडचा बसचालक आहे, कोणी इंग्लंडमधला निवृत्त शिक्षक, कोणी पुण्याचा विद्यार्थी. आम्ही संगणकावर लढाऊ विमाने उडवतो. हा केवळ खेळ आहे का, आणि नसेल तर काय आहे, हे या लेखात तपासायचे आहे.

खेळ आणि प्रशिक्षण यांची नाळ सुरुवातीपासून एकच आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात काम करी. ऑर्गनचे भाते आणि हवेचे पंप वापरून १९२९ च्या सुमारास त्याने जमिनीवरच डोलणारे, कलणारे एक छोटे विमान तयार केले. सैन्याला त्यात रस वाटला नाही. पहिली गिऱ्हाइके मिळाली ती करमणुकीच्या बागांतून. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल वाहण्याचे काम आले. खराब हवामानात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची सवय नसलेले अनेक वैमानिक काही आठवड्यांत दगावले, तेव्हा कुठे लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. जत्रेतले खेळणे माणसांचे जीव वाचवू लागले.

घरगुती संगणकावर हा प्रवास उलट दिशेने झाला. ब्रूस आर्टविक यांनी १९८० मध्ये ॲपल-२ संगणकासाठी उड्डाणाचा कार्यक्रम बाजारात आणला आणि प्रशिक्षणाचे यंत्र पुन्हा खेळणे झाले. पण हे खेळणे हाती घेणाऱ्यांनी त्याला खेळण्यासारखे वागवले नाही. ‘फाल्कन ४.०’ची कहाणी याची साक्ष आहे.

एफ-१६ विमानावरचा हा कार्यक्रम डिसेंबर १९९८ मध्ये आला. सोबत पाचशेहून अधिक पानांची हस्तपुस्तिका होती. कोरियाच्या द्वीपकल्पात एक संपूर्ण युद्ध त्यात आपोआप चालत राही. तुम्ही उडा वा न उडा, रणगाडे पुढे सरकत, पूल पडत. मात्र कार्यक्रम दोषांनी भरलेला होता. वर्षभरातच कंपनीने तो बनवणारा गट बंद केला. एप्रिल २००० मध्ये त्याची मूळ संहिता बाहेर फुटली आणि जगभरच्या हौशी लोकांनी ती दुरुस्त करायला घेतली. कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार बराच काळ धूसर होता, हे सांगायला हवे. पण त्या कामातून पुढे आलेली ‘बीएमएस’ ही आवृत्ती पाव शतकानंतरही सुधारली जात आहे. ती फुकट आहे. अट एवढीच की, मूळ कार्यक्रमाची विकत घेतलेली प्रत तुमच्याकडे हवी. पोथीची नक्कल करताना मागच्याची चूक दुरुस्त करावी आणि आपले नाव न घालता पोथी पुढे द्यावी, तसे हे काम चालले आहे.

या शाळेत पहिला धडा मिळतो तो ऊर्जेचा. उंची ही मुदत ठेव आणि वेग ही खिशातली रोकड. खाली झेपावलात की ठेव मोडून रोकड हाती येते, वर चढलात की रोकड ठेवीत जाते. प्रत्येक तीव्र वळण हा मात्र निव्वळ खर्च. नवखा माणूस शत्रूमागे गरागरा वळत राहतो आणि दिवाळे काढतो. जुना खेळाडू फार वळत नाही.

दुसरा धडा सोबत्याचा. अमेरिकी नौदलातले जॉन थॅच यांच्यापुढे १९४१ मध्ये प्रश्न होता की, आपल्या जड विमानांनी चपळ जपानी ‘झिरो’शी लढायचे कसे? त्यांनी घरी टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून उत्तर शोधले. दोन विमानांनी अंतर ठेवून उडायचे आणि हल्ला होताच एकमेकांकडे वळायचे. म्हणजे एकाच्या शेपटीमागे लागलेला शत्रू दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ही युक्ती खरी ठरली. आम्ही ती शनिवारी रात्री गिरवतो आणि बहुतेक वेळा चुकतो. दोघांपैकी एकाने जरी केवळ स्वतःपुरते पाहिले, तरी वीण उसवते.

तिसरा धडा भाषेचा. ‘बिंगो’ म्हणजे परतण्यापुरतेच इंधन उरले. ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला. मोजके बोलायचे, कारण तुमच्या शब्दांखाली दुसऱ्याचा इशारा दबू शकतो. उड्डाणानंतर तासभर चर्चा होते. ‘कोण चुकले’ असे तिथे विचारत नाहीत. ‘कधी आणि कशामुळे’ हे विचारतात.

या शाळेत काय शिकता येत नाही, हे मला माझ्या मामांनी दाखवले. मामांची उभी हयात नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मिग-२१ च्या जुळणीत गेली. २०१४ मध्ये मिग-२१ बिस संगणकावर आले तेव्हा मी कौतुकाने त्यांना बोलावले. चष्मा सावरत त्यांनी कॉकपिटमधली बटणे एकेक करून पाहिली आणि समाधानाने मान हलवली. मग मी उतरायला गेलो. त्रिकोणी पंखांचे हे विमान ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने धावपट्टीवर येते. नाक जास्त वर उचलले की हवेचा अवरोध झपाट्याने वाढतो, आणि त्यात इंजिनाची ताकद कमी केलीत तर विमान दगडासारखे खाली बसते. मी नेमके तेच केले. विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटले, पेटले. मी हसलो आणि बटण दाबले.

“परत पहिल्यापासून?” मामांनी विचारले.

“हो मामा. कितीही वेळा.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अपघाताची बातमी आली की आम्ही आधी नंबर विचारायचो रे. आपल्या हातचं होतं का, ते बघायला.”

त्या रात्री मी पुन्हा उडालो नाही. नंतर मंडळींना हा प्रसंग सांगितला आणि आमच्या गटाने एक नियम केला: एका संध्याकाळी एकच जीव. पडलात तर उरलेला वेळ ऐकत बसायचे. नियम येताच उड्डाण बदलले. लोक इंधन मोजू लागले, सोबत्याला सोडून पळेनासे झाले, नको तिथे लढाई टाळू लागले. भीती यंत्रात घालता येत नाही, पण पडण्याची थोडीशी किंमत ठेवता येते. मी एक वही ठेवली आहे. तारीख, विमान आणि मृत्यूचे कारण. आजवर एकशे बारा नोंदी झाल्या. त्यांपैकी सत्तरहून अधिक ठिकाणी कारण शत्रू नाही, माझी घाई आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासूनची सेवा संपली. त्या रात्री आम्ही आठ जणांनी मिग-२१ घेऊन उड्डाण केले. लढाई नव्हती, फक्त उडायचे आणि उतरायचे. आठही विमाने नीट उतरली. दुसऱ्या दिवशी मामांना फोन करून सांगितले.

“सगळी आली ना परत?” त्यांनी विचारले.

संगणकावरची विमाने आहेत, हे त्यांना ठाऊक होते. तरीही मी एकेक मोजून सांगितले.