साकुराजिमाचा शेजार

जपानच्या दक्षिण भागांतील क्यूशू बेटावर कागोशिमा हें शहर आहे. समोरच्या खाडींत, अवघ्या चार किलोमीटरांवर, साकुराजिमा हा १,११७ मीटर उंचीचा ज्वालामुखी उभा आहे. १९५५ सालापासून त्याचें धुमसणें पुरतें असें थांबलेलेंच नाहीं. तरी सुमारें सहा लक्ष लोक त्याच्यासमोर आपला संसार करीत आहेत.

वारा पर्वताकडून आला, कीं शहरावर राख पडूं लागते. ती कोणत्या दिशेस जाईल, हें हवामानाच्या अंदाजाबरोबरच सांगितलें जातें व तें ऐकून धुणें बाहेर वाळत घालावें कीं घरांत, हें ठरतें. दारापुढची राख भरण्यास नगरपालिका पिवळ्या पिशव्या पुरविते. पर्वताच्या पायथ्याचीं मुलें डोक्यावर शिरस्त्राण घालून शाळेस जातात. त्याच राखेच्या भुसभुशीत जमिनींत मात्र भोपळ्याएवढाले मुळे पिकतात!

परंतु राख ही रोजची कटकट, संकट निराळें. १९१४ च्या जानेवारींत तेथील जमीन वारंवार हादरूं लागली, विहिरींचें पाणी बदललें. तेव्हां हा पर्वत बेटच होता व त्यावर सुमारें वीस हजार वस्ती होती. एका गांवच्या प्रमुखानें कागोशिमाच्या वेधशाळेस पुन्हा पुन्हा विचारलें. साकुराजिमाचा उद्रेक होणार नाहीं, असें उत्तर आलें. पुष्कळांनीं त्याची वाट न पाहतां होड्या काढल्या. वेधशाळेवर विसंबून राहिले ते बहुधा शिकलेले व अधिकाराचे लोक. १२ जानेवारीस सकाळीं दहाच्या सुमारास पर्वत फुटला. मागें राहिलेल्यांपैकीं कांहीं जण थंडगार समुद्रांत पोहत निघाले आणि बुडाले. सायंकाळीं मोठा भूकंप होऊन शहरांतहि माणसें दगावलीं. एकंदर ५८ माणसें मृत वा बेपत्ता झालीं. पुढें लाव्ह्यानें पूर्वेकडील सामुद्रधुनी भरून काढली व बेट मुख्य भूमीस जोडलें गेलें. सह्याद्रीचा काळा पाषाण हाहि अशाच थिजलेल्या लाव्ह्याचा. फरक इतकाच, कीं तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच निवाला.

१९२४ सालीं त्या गांवच्या शाळेच्या आवारांत एक शिलालेख उभारण्यांत आला. रहिवाशांनीं शास्त्रीय तर्कावर विसंबूं नये, विपरीत चिन्हें दिसतांच आधीं निघण्याची तयारी करावी आणि एरवीं काटकसरीनें राहून संकटासाठीं गांठीस कांहीं ठेवावें, असा त्याचा आशय आहे. ‘शास्त्रावरील अविश्वासाचा शिलालेख’ असें त्यास लोक म्हणतात, पण हें नांव थोडें अन्यायाचें वाटतें. खरा दोष होता तो, त्या काळच्या तुटपुंज्या साधनांना जें सांगतां येण्याजोगें नव्हतें, तें ठामपणें सांगण्यांत.

आज पर्वताच्या पोटांत बोगदे खणून त्यांत अतिसूक्ष्म मापकें बसविलेलीं आहेत. खालून शिलारस चढूं लागला, कीं पर्वत किंचित् फुगतो व जमीन केसभर कलते. तो कल तीं टिपतात. २४ जुलै १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २४ जुलै २०२२ रोजीं इशाऱ्याची सर्वोच्च पायरी जाहीर होऊन जवळच्या वस्त्यांतील लोकांस हलविण्यांत आलें, आणि थोड्याच दिवसांत तीं कुटुंबें परतलीं. १९१४ सालीं बाहेर पडला त्याच्या बहुतांश इतका शिलारस खालीं पुन्हा सांचला आहे, असें शास्त्रज्ञांचें अनुमान आहे. पायथ्याशीं आतां चार हजारांहून कमी लोक उरले आहेत. त्यांच्यासाठीं किनाऱ्यावर ठिकठिकाणीं धक्के बांधलेले असून, कोणत्या वस्तीनें कोणत्या धक्क्यावर जमावयाचें, याची तालीम दर वर्षीं होते.