संमती कोणाची? : शासन, समाज आणि १८९१ चा मराठी वाद

डिसेंबर १८९९ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन लखनौस भरले आणि प्रघाताप्रमाणे त्याला जोडून सामाजिक परिषदही. परिषदेत न्यायमूर्ती रानडे हिंदू व मुसलमान समाजांच्या परस्परसंबंधांविषयी बोलले; तिकडे राष्ट्रीय सभेत टिळक मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारभाराच्या निषेधाचा ठराव आणू पाहत होते, आणि अध्यक्ष रमेशचंद्र दत्त यांनी त्याला वाट दिली नाही. मराठी वैचारिक वाङ्मयाचा इतिहास या दोघांना ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ या नावांनी ओळखतो. मात्र शासनाने समाजजीवनात किती हात घालावा, या प्रश्नाच्या संदर्भात ही नावे लावू गेल्यास त्यांचा अर्थ उलटतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश उदारमतवादाचा ओढा शासन मर्यादित ठेवण्याकडे होता. त्याच परंपरेत वाढलेल्या रानड्यांनी १८९२ च्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात हिंदी उद्योगांसाठी शासनाच्या साहाय्याचा पुरस्कार केला. आगरकरांवर स्पेन्सरचा प्रभाव. आणि शासकीय हस्तक्षेपाचा स्पेन्सरइतका कडवा विरोधक दुसरा नसेल. तरीही संमतिवयाच्या कायद्याला ‘सुधारका’चा पाठिंबाच होता. उलट ‘कुटुंबात सरकारने शिरू नये’ हा अस्सल उदारमतवादी युक्तिवाद टिळकांच्या ‘केसरी’ने चालवला. तौलनिक अभ्यासकाने पाश्चात्त्य संज्ञांचा सरळ प्रतिशब्द शोधू नये, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल.

वादाची तयारी आधीपासून होत होती. १८८४ मध्ये बेहरामजी मलबारींची बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील टिपणे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी रखमाबाईंवर पतीने खटला भरला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पुढे तो फिरला आणि १८८७ मध्ये पतीकडे जा, नाहीतर तुरुंगात, असा हुकूम झाला. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या बालवधूच्या मृत्यूचा खटला चालला. ९ जानेवारी १८९१ रोजी अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्च रोजी ते संमत झाले. १८६० च्या दंडसंहितेतील दहा वर्षांची मर्यादा बारा झाली, एवढाच बदल. दोन वर्षांच्या या फरकासाठी गर्भाधान संस्कारावरील वचनांचा कीस पाडला गेला. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या आधारे कायद्याची बाजू मांडली, ‘केसरी’ने त्यांचे अर्थ खोडून काढले, आणि विरोधकांनी १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यातील धर्मतटस्थतेच्या अभिवचनाचा हवाला दिला. सुधारकांपाशी १८२९ च्या सतीबंदीचा दाखला होता.

या गदारोळात टिळकांची १८९० मधील एक सूचना मागे पडली. मुलीचे लग्न सोळा वर्षांच्या व मुलाचे वीस वर्षांच्या आत करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये आणि केलेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये, उत्पन्नाचा दहावा हिस्सा सार्वजनिक कार्यास द्यावा, इत्यादी अटी ज्यांना मान्य असतील त्यांनी सही करावी आणि बंधन आधी त्यांच्यावरच यावे, असा तो प्रस्ताव होता. वयाची त्यातील मर्यादा सरकारी विधेयकाच्या पुढे होती! सुधारकांना कोंडीत पकडण्याचा हेतू त्यात असावा, हे नाकारता येत नाही. पण केवळ डावपेच म्हणून ती बाजूला सारणेही न्याय्य नाही. संमती दिलेल्यांनाच बांधणारा कायदा ही कल्पना नवखी नव्हती. १८७२ चा विशेष विवाहाचा कायदा हा स्वेच्छेने त्याखाली येणाऱ्यांपुरताच होता.

तथापि या योजनेतील सही बापाची किंवा नवऱ्याची. जिच्या शरीराचा प्रश्न होता ती मुलगी सही करणाऱ्यांत नव्हती. टिळकांना समाजाची संमती हवी होती, आणि परकीय राज्यात ती विचारलीच जात नाही हा त्यांचा आक्षेप खरा होता. १८९७ मध्ये प्लेगच्या तपासणीसाठी पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, तेव्हा त्या आक्षेपाला प्रत्यक्ष अनुभवाची धार आली. लखनौच्या फेटाळल्या गेलेल्या ठरावाची पार्श्वभूमी हीच. परंतु समाजाच्या संमतीत मुलीची संमती गृहीत धरता येत नाही. सुधारकांच्या बाजूचे बळ येथे आहे, मग त्यांच्या सरकारावरील भरवशाबद्दल काहीही म्हटले तरी. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली, तेव्हा वादाच्या दोन्ही पक्षांबाहेरचा हा आवाज प्रथमच छापील मजकुरात आला होता.

१९१६ मध्ये टिळक लखनौस पुन्हा आले. काँग्रेस-लीग कराराचे समर्थन करताना, सत्ता परकीयांच्या हातून सुटून देशातील कोणत्याही समाजगटाकडे गेली तरी चालेल, अशी त्यांची भूमिका होती. १८९१ चा आक्षेप या दृष्टीने वाचला की तो ‘सरकार’ या संस्थेपेक्षा सरकारच्या परकेपणावर रोखलेला दिसतो. पण ही संगती पूर्ण नाही. १९२९ मध्ये हरबिलास सारडा या हिंदी सभासदानेच मांडलेले विधेयक संमत होऊन मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा झाले, तेव्हाही सनातनी विरोध ओसरला नव्हता. त्या वेळी फरक पडला तो दुसऱ्या बाजूला : १९२७ मध्ये पुण्यात पहिले अधिवेशन भरवणारी अखिल भारतीय महिला परिषद विधेयकाच्या बाजूने उभी राहिली, आणि कायद्याची मागणी स्त्रिया स्वतःच्या नावाने करू लागल्या.